दुसऱ्याच्या नवसाचा घास

आई, मागच्या महिन्यात मी मटण खाल्लं. देवळाच्या दारात, उजव्या हातावर घेऊन, कपाळाला लावून खाल्लं. चुकून खाल्लं, हे आधीच सांगते, नाहीतर तू पुढचं ऐकायचीच नाहीस. शेजारणीनं आपला चमचा अंड्याच्या पोळीला वापरला म्हणून तू तिच्याशी वर्षभर अबोला धरला होतास. त्या घरातली मी. तुला हे सांगायला माझ्याशिवाय आणखी एकच माणूस आहे, पण तो, तुझा धाकटा, आतल्या खोलीत झोपलाय आणि तो पत्र लिहिणाऱ्यांतला नाही. मेलेल्यांना उगीच त्रास देऊ नये, असं त्याचं मत आहे.

तू गेलीस तेव्हा मी सिंगापुरात बेडोकला एका चिनी बाईकडे भाड्याच्या खोलीत राहत होते. आता सेंगकांगला आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, लेक इंग्रजीत भांडण्याएवढी मोठी झाली आहे, आणि खिडकीखालून दोन डब्यांची एलआरटी रेल्वे दिवसभर गोल फिरत असते. तुझा धाकटा माझ्या मागोमाग इथे शिकायला आला आणि इथलाच झाला. जमिनीखालून एमआरटीचे, इथल्या मेट्रोचे, बोगदे जातात, त्या कामावर तो इंजिनीअर होता. लग्न केलं नाही. का केलं नाही हे मी बरीच वर्षं विचारलं आणि मग सोडून दिलं. गेल्या वर्षी त्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली, तेव्हा चोआ चू कांगची जागा सोडून तो आमच्याकडे राहायला आला. केमोचा पहिला फेरा त्यानं निमूट घेतला. केस गेले, तोंडाची चव गेली, पायाची बोटं बधिर झाली. गाठ तेवढी राहिली. मग डॉक्टरबाईंनी दुसरं औषध सुचवलं. बरं होणार नाही, पण काही महिने हाती लागतील, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. पंगतीत वाढायला आलेल्याला जिलेबी नको म्हणावं तसं त्यानं त्यांना नको म्हटलं, आणि वर आभार मानले. मी तिथेच त्याच्यावर ओरडले, घरी आल्यावर पुन्हा ओरडले. लेक म्हणाली, "मम्मा, लेट हिम डिसाइड, लाह. इट्स हिज बॉडी." तिला काय कळतंय. तू ड्यूटीवर असताना ते अंग मी घासूनपुसून न्हाऊ घातलंय. ते त्याच्या एकट्याचं कधीपासून झालं?

इथे हिल स्ट्रीटवर एक छोटंसं पांढरं आर्मेनियन चर्च आहे. मागे हिरवळ आणि जुन्या थडग्यांचे दगड. हॉस्पिटलमधून निघाला की तो तिथे जाऊन बसायचा. एकदा मी त्याला आणायला गेले तर म्हणाला, "ताई, ही माणसं एवढ्या लांबून इथे आली, देऊळ बांधलं, आणि आता त्यांच्यातलं कोणीच दिसत नाही. त्यांचा देश बघून येऊ या का?" मला तो देश नकाशात कुठे आहे हेही माहीत नव्हतं. पण मी लगेच हो म्हटलं, आणि त्याला नवल वाटलं. माझा डाव साधा होता. घरी मी औषधाचा विषय काढला की तो उठून खोलीत जायचा. डोंगराळ देशात, गाडीत शेजारी बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. ऑफिसात मी भल्याभल्यांना वठणीवर आणलंय. चार-पाच दिवसांत हा हो म्हणेल, अशी माझी खात्री होती. हा माझ्याबरोबर कशासाठी येतोय, याचा विचार मी केला नाही. त्याचाही काही डाव असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आर्मेनियात ऑक्टोबरातच थंडी असते. मी त्याच्यासाठी इथल्या मॉलमधून महागाची टोपी घेतली होती, ती त्यानं सुटकेसच्या तळाशी घातली आणि तू विणलेली तपकिरी कानटोपी काढली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर असताना दोन कॉलच्या मधे विणायचीस ती. तो कॉलेजला जाताना तू ती त्याला दिलीस आणि मला काहीच दिलं नाहीस, म्हणून मी आठवडाभर फुगून बसले होते. आता त्या टोपीत त्याचं डोकं सैल बसतं. विमानतळावर आलेला ड्रायव्हर साठीचा, जाड भुवयांचा, मोडक्या इंग्रजीत बोलणारा माणूस. त्यानं टोपीकडे पाहिलं, मग याच्या पिवळट चेहऱ्याकडे पाहिलं, आणि न विचारता हीटर वाढवला.

पहिल्याच दिवशी आम्ही खोर विरापला गेलो. त्या नावाचा अर्थच खोल खड्डा. सपाट द्राक्षमळ्यांच्या मधे टेकडी, टेकडीवर मठ, आणि मठाच्या फरशीत एक भोक. त्या भोकातून लोखंडी शिडी सरळ खाली जाते. तिथल्या राजानं एका साधूला वर्षानुवर्षं त्या खड्ड्यात डांबून ठेवलं होतं. मग राजाच आजारी पडला, साधूला वर काढलं, त्यानं राजाला बरं केलं आणि सगळा देश ख्रिस्ती झाला. हे ऐकून तुझा धाकटा म्हणाला की म्हणजे इथेही सगळं आजारपणातूनच सुरू झालंय. आणि तो शिडी उतरायला लागला. मी नको नको म्हणत होते. जन्मभर जमिनीखाली काम केलेला माणूस, एक खड्डा बघून सोडून देणार आहे थोडाच. खाली उतरला खरा, पण वर येईना. बधिर पायांना शिडीच्या पायऱ्या कळत नव्हत्या. ड्रायव्हर खाली उतरून त्याची पावलं एकेका पायरीवर टेकवत होता, वरून मी कॉलर धरून ओढत होते, आणि भोवती परदेशी प्रवासी अदबीनं दुसरीकडे बघत उभे होते. वर आल्यावर तो भिंतीशी जाऊन ओकला.

मग तो पायरीवर बसला आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिला. अरारात. पांढराशुभ्र, हात लांब केला तर लागेल इतका जवळ. हा डोंगर आमचा, असं ड्रायव्हर म्हणाला, पण तो आता सीमेपलीकडे आहे आणि इकडून तिकडे जायला वाट नाही. घराघरांत त्याचं चित्र लावतात, दुकानांना त्याचं नाव देतात, आणि चढायला जाता येत नाही. मला ते ऐकून संताप आला. तुझा धाकटा म्हणाला, "रोज दिसतोय ना." गाडीत बसल्यावर मी संधी साधली. अंगात ताकद नाही हे आज बघितलंस, औषध घेतलंस तर ताकद येईल, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सेवानच्या सरोवराकाठी, वाऱ्यात उभी राहून, तेच म्हणाले. नोरावांकच्या लाल कड्यांमधून जाताना डॉक्टरबाईंचा मेल त्याला मोठ्यानं वाचून दाखवला. गाडीत असलो की तो काच खाली करायचा आणि बाहेर बघायचा. तिसऱ्या दिवशी आम्ही गेघार्दच्या मठाच्या वाटेवर होतो आणि माझ्याकडे सांगण्यासारखं नवीन काही उरलं नव्हतं. तेव्हा मला तुझी देवी आठवली.

तो दिवस तुझ्या लक्षात असेल तसाच माझ्याही आहे. हा चार वर्षांचा, मेंदूज्वर झालेला, सिव्हिल हॉस्पिटलच्या खाटेवर धनुष्यासारखा वाकलेला. बाबा आधीच गेलेले. रजा संपली म्हणून तू ट्रंक बोर्डावर बसली आहेस, कानाला हेडफोन, अनोळखी माणसांना सांगतेस, "लाइनवर राहा, लावून देते." मी तुझा डबा घेऊन आले आहे आणि तू डब्याकडे बघतही नाहीस. लाइनमनकाका दारात उभे राहून डोंगरावरच्या देवीचं सांगताहेत, ती पोर परत देते पण बोकड घेते. मला वाटलं, तू त्यांना हाकलून देशील. तू हेडफोन काढलास आणि देवळाची वाट विचारलीस.

हा बरा झाला आणि थंडीत आपण दोघी डोंगर चढलो. बोकडाचं सगळं काकांनी बघितलं. तू पाठ फिरवशील असं मला वाटलं होतं, पण तू समोर उभी राहिलीस आणि डोळे मिटले नाहीस. देवीला मोठ्यानं म्हणालीस की पोर मोठं होऊ दे म्हटलं होतं, तेवढं कर, आणखी काही नको. मग तीन दगडांवर शिजलेलं ते भाकरीवर आलं. तू घास कपाळाला लावलास, तोंडात घातलास, आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकललास. तुझ्या गळ्याची शीर ताठ झालेली मला अजून दिसते. मी सकाळपासून उपाशी होते. वास सुटला होता आणि मला भूक लागली होती, म्हणून मी हात पुढे केला. तू माझ्या हातावर अशी चापट मारलीस की काकासुद्धा दचकले. "हे माझं आहे," तू म्हणालीस. "तुझ्या वाट्याला असलं जेवण कधी येऊ नये." आणि पदराच्या गाठीतले गूळ-दाणे माझ्या हातावर ठेवलेस. उतरताना बजावलंस की त्याला हे कधीही सांगायचं नाही, आपल्यासाठी कुणाचा जीव गेला हे पोरानं बाळगत फिरू नये. मी इतकी वर्षं सांगितलं नाही.

गेघार्दचा मठ डोंगराच्या पोटातच कोरलेला आहे. बाहेर झरा, अक्रोडाची झाडं, आणि गोड पोळ्यांसारख्या गोल रोट्या विकणाऱ्या बायका. याला दम लागला म्हणून आम्ही दरवाजाशी थांबलो, तेवढ्यात काळ्या स्वेटरमधली एक बाई माझ्यासमोर आली. हातात परात, परातीत कापडासारख्या पातळ रोटीच्या गुंडाळ्या. तिनं एक माझ्यापुढे केली. आई, देवळाच्या दारात कुणी काही पुढे केलं तर आपण काय करतो? डाव्या हातावर उजवा हात गेला, गुंडाळी कपाळाला लागली, आणि मी तोंडात घातली. यात विचार कुठेच नव्हता. आत मऊ काहीतरी, नुसतं मिठातलं. आधी बटाटा वाटला. दुसऱ्यांदा दात लागले आणि कळलं.

तुझा धाकटा माझ्याकडे बघत होता. तो सिंगापूरला आल्यापासून हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर सगळं खातो, त्याला वासावरूनच समजलं होतं. माझे डोळे पाण्यानं भरले, तोंड गच्च मिटलेलं, ना आत जातंय ना बाहेर. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "गीळ, ताई. प्रसाद आहे." त्याही परिस्थितीत मेल्याला हसू येत होतं. मी गिळलं. ती बाई मात्र माझ्याकडे थक्क होऊन बघत होती. परक्या देशातली बाई, तिच्या हातचं कपाळाला लावते, हे तिनं कधी पाहिलं नसावं. तिनं परात खाली ठेवून मला मिठीच मारली.

ड्रायव्हरनं मग समजावलं. याला मताघ म्हणतात. देवाला बोललेलं मेंढरू आधी चर्चभोवती फिरवतात, मग कापून नुसत्या मिठात शिजवतात. घरी ठेवायचं नाही, येईल त्याला वाटून त्याच दिवशी संपवायचं, आणि घेणाऱ्यानं म्हणायचं, देव मान्य करो. बाईचा तरुण मुलगा मरणाच्या दारातून परत आला होता. तो पलीकडे भिंतीला टेकून सफरचंद खात होता, चांगला धट्टाकट्टा. बाईनं याची टोपी पाहिली, पिवळे डोळे पाहिले, आणि जास्त भरलेली एक गुंडाळी याच्या हातात ठेवून स्वतःच्याच भाषेत काहीतरी बोलली. ड्रायव्हरनं त्याचं इंग्रजी केलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आम्ही झऱ्याकाठच्या बाकावर बसलो. आता नाही तर कधीच नाही असं मला वाटलं आणि मी तू घातलेलं कुलूप तोडलं. त्याला सगळं सांगितलं. मेंदूज्वर, लाइनमनकाका, बोकड, तू खाल्लेला घास. म्हणाले, तुझ्यासाठी आईनं हे केलंय, चमचा विटाळला म्हणून भांडणाऱ्या बाईनं, आणि तू एक औषध घेत नाहीस? तो मुलगा बघ, तोही बरा झालाच ना. मी रडत होते, आणि रडण्याचा उपयोग होतोय का तेही बघत होते.

त्यानं गुंडाळी मांडीवर ठेवली. मग विचारलं, "आईनं नक्की काय मागितलं होतं?"

मी म्हणाले, "पोर मोठं होऊ दे."

"मग झालो की मोठा," तो म्हणाला. "ताई, तिनं मागितलं ते तिला मिळालं. पुरेपूर मिळालं. आता तू त्यात भर घालू नकोस."

त्यानं कानटोपी खाली ओढली आणि म्हणाला, मला तुझ्याशी हेच बोलायचं होतं, घरी तू बोलू देत नाहीस, म्हणून एवढ्या लांब आणलं. आईनं स्वतःवर घेतलं तसं तू घेऊ नकोस, एवढंच ऐक माझं. मग दमलो म्हणाला. ड्रायव्हरनं त्याला धरून गाडीत नेलं. मी एकटीच आत गेले.

आत दगडाचा काळोख, कपारीतून झिरपणारं पाणी, आणि वाळू भरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये लावलेल्या बारीक पिवळ्या मेणबत्त्या. मीही एक लावली. तिथली माणसं बाहेर पडताना देवाला पाठ दाखवत नाहीत, तोंड आतच ठेवून मागे मागे सरकत जातात. मी तशीच उंबऱ्यापर्यंत आले, भिंत चाचपत.

परत आल्यावर मी डॉक्टरबाईंना कळवलं की औषध नको, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. लेकीला वाटतं, मामानं मला पटवलं. त्यालाही तसंच वाटतं. आता नर्स घरी येते, दंडावर दुखणं कमी करणारी पट्टी लावून जाते. तो दिवसातला बराच वेळ झोपतो, एसी बंद करायला लावतो आणि सिंगापूरच्या उकाड्यात तुझी कानटोपी घालून असतो. मघाशी लेक त्याला पाणी पाजत होती आणि तो तिला त्या खड्ड्याची गोष्ट सांगत होता, राजाला साधूनं बरं केलं इथपर्यंत आला आणि डोळे मिटले. मी दारात उभी होते. त्याचा श्वास पुन्हा सुरू होईपर्यंत मीही माझा घेतला नाही.

हे कागद उद्या ऑफिसच्या श्रेडरमध्ये जातील, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. सुरुवातीला मी चुकून म्हणाले, ते अर्धंच खरं आहे. मेणबत्ती लावताना मी काय मागितलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्याला बरं कर असं माझ्या तोंडून आलंच नाही. मी म्हणाले, त्याला दुखू देऊ नकोस, आणि फार दिवस लावू नकोस. तू ज्याला मागून घेतलंस, त्याला घेऊन जा, असं मी सांगून आले, आई. आणि बाहेर उन्हात आले तर मला भूक लागली होती. तशीच, त्या डोंगरावर लागली होती तशी. गाडीत तो डोळे मिटून पडला होता आणि त्याची गुंडाळी तशीच सीटवर होती, त्याला एक घाससुद्धा गेला नव्हता. मी ती उचलली. गाडीमागे जाऊन उभ्या उभ्या उघडली, आत काय आहे ते नीट पाहिलं, कपाळाला लावली आणि सगळी खाल्ली. चव चांगली होती. हातावर चापट मारायला कोणी नव्हतं.